सोबतीची एक जागा

एक कुबडी वर उचलून ते विचारायचे, “माजलगावला कोन हाय का? सोबतीची एक जागा हाय.” बीडच्या स्टँडवर तुमचं येणंजाणं असेल, तर तुम्हीही हे ऐकलं असेल.

स्टँडसमोर त्यांची किल्ल्या बनवायची टपरी, शेजारी माझं ऑनलाइन सेंटर. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, वय साठीला टेकलेलं, घरात दुसरं माणूस नाही. आम्ही सगळे मामा म्हणायचो. त्यांच्या एसटीच्या पासवर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट पडायचं. त्यामुळे स्टँडवर मामांना मागणी होती.

अट एकच, वाटेत बोलायचं. “झोपला की पुढच्या खेपेला बाद.” माजलगावला उतरला की साथीदार आपल्या कामाला निघून जायचा. मामांना तिथं काहीच काम नसायचं. ते चहा प्यायचे आणि परतीचा साथीदार शोधायचे.

मीही बरेचदा गेले त्यांच्यासोबत. पुढे बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं. मग नाही गेले.

गेल्या वर्षी बंगळूरहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. तिचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी तिला भावाला बघायचं होतं. एवढा लांबचा रेल्वेप्रवास मामांना झेपणारा नव्हता, म्हणून पुण्याहून विमान ठरलं. चाकाच्या खुर्चीसाठी मी कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सोबत माणूस लागेल. त्याशिवाय घेता येणार नाही.”

मामा कुबड्या टेकत स्टँडवर गेले. “बंगळूरला कोन हाय का?”

“विमानात अर्धं तिकीट हाय का, मामा?” एका नेहमीच्या साथीदारानं विचारलं. सगळे हसले. मामाही हसले.

परत येऊन मला म्हणाले, “ताई, तुमी?”

“सेंटर कोण बघणार?” मी म्हणाले आणि नियम शोधायला बसले. सापडला. ज्याला आपलं आपण करता येतं, त्याच्यावर सोबत माणूस आणायची सक्ती करता येत नाही.

“स्वतःच्या हातानं जेवता?”

“रोज बघता की.”

“सीटचा पट्टा सोडता येईल?”

“कुलपं उघडायचा धंदा हाय माझा.”

नियम जोडून दोन मेल केले, वर फोन केले. चौथ्या दिवशी उत्तर आलं, प्रवासी एकटे प्रवास करू शकतात. मी प्रिंट काढून दिली. मामांनी ती दोनदा वाचली.

“म्हंजे मला कोनी लागत न्हाई.”

“नाही लागत,” मी म्हणाले. काम झाल्याच्या खुशीत होते.

त्यांनी कागदाची बारीक घडी केली आणि पासच्या प्लास्टिकमध्ये पासामागे सरकवली.

पुण्यापर्यंत एसटीनं गेले. तिथवर साथीदार लगेच मिळाला. दुपारी विमानात बसल्यावर त्यांचा फोन आला. “खुर्ची आलती. ढकलणाऱ्यानं इचारलं, सोबत कोन? कागद दाखवला.” मग म्हणाले, “शेजारची सीट रिकामीच हाय.”

बहीण बरी झाली. तिनं त्यांना ठेवूनच घेतलं. टपरी बंद आहे.

परवा मी माजलगावला निघाले होते. तिकीट देताना कंडक्टर म्हणाला, “ताई, मामा दिसंनात?”

“बंगळूरला गेले. विमानानं.”

“आन् सोबत कोन गेलं?”

मी त्याला नियम सांगितला.