एका हाताच्या कळा

जगभरातले आम्ही काही हौशी लोक मिळून कॉम्प्युटरसाठी एक फुकट प्रणाली बनवतो. माझ्या वाट्याचं काम मी रत्नागिरीतल्या घरी बसून करतो. या खेपेला वाद पेटला होता कीबोर्डच्या शॉर्टकटवरून. इंग्रजीतून मराठीत जायचं तर डावा कंट्रोल, डावा आल्ट आणि पार उजवीकडचा एल, असं तिन्ही एकदम दाबायचं हे आमच्यात पहिल्यापासून ठरलेलं. दोन हातांच्या माणसाला त्यात काही वाटत नाही.

माझ्या ताईचा डावा हात अर्धांगवायूत गेला. ती मिरकरवाड्यात एका मासळीच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बसते. बाहेरच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत लिहायचं, बोटी चालवणाऱ्या तांडेलांना मराठीत. मागे एकदा धांदलीत भाषा बदलायची राहिली आणि तांडेलाच्या फोनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी गेली. बर्फ कुठल्या धक्क्यावर उतरवलाय ते त्याला कळलंच नाही. बांगडा नरम पडला. पुन्हा असं झालं तर दुसरी बघतो, असं मालकाने तिला सांगून टाकलं.

"सेटिंगमध्ये बदलून घ्या की," हे गटातल्या शहाण्यांचं ठरलेलं उत्तर. अहो, बदलतो! पण आमचीच प्रणाली असलेला तो कॉम्प्युटर मालकाच्या भाच्याने असा करून ठेवलाय, की बंद होऊन सुरू झाला की केलेलं सगळं पुसलं जातं. आमची नवी आवृत्ती तेवढी आपोआप चढते. आणि लाइट गेली की कॉम्प्युटर बंद; ती काय, विचारून जाते? हे पुसणं थांबवायचा पासवर्ड भाच्याकडे आणि भाचा कुवेतला. "आल्यावर बघतो," म्हणतो. म्हणजे आम्ही जे मुळात ठरवू तेच ताईच्या नशिबी.

परवा संध्याकाळी व्हिडिओवर शेवटची बैठक होती. एका हाताने दाबता येतील अशा दोनच कळा ठेवा, म्हणून मी गयावया केली. जुन्या लोकांची सवय मोडेल, असं एकजण म्हणाला. सवय! माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, ताईचं सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्या अनोळखी चेहऱ्यांसमोर ढसाढसा रडलो. दया आली की कंटाळा, कोण जाणे, पण त्यांनी मान्य केलं. उजवा कंट्रोल आणि स्पेसबार.

मागे वळलो तर ताई दारात उभी. कामावरून केव्हाची आली होती.

"झाला?"

"झालं गं! बघ, दाबून बघ."

तिने उजव्या हाताने दाबून बघितलं. करंगळी कंट्रोलवर, अंगठा स्पेसबारवर. सहज पोचले. ती हसली, पुन्हा एकदा दाबलं आणि हात काढून घेतला.

"दुपारी परत तसाच मेसेज गेला रे," ती म्हणाली. "मालकान उद्यापासून येऊ नको सांगितलान."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"तू माझ्यासाठी रडत होतास. कसा सांगू?"