मूठवाल्या काकांची वाकडी मूठ

मूठवाल्या काकांनी मला फसवले, आणि तेही माझा हात हातात घेऊन. मी गळाच्या रॉडला सरळ, गोल, बुचाची मूठ सांगितली होती. त्यांनी वाकडी दिली आणि दोन वर्षे मला कळूही दिले नाही.

पनवेलच्या बाजारामागे एका खोलीत काका रॉड बांधून देत. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बेने इस्रायली. शनिवारी खोली बंद म्हणजे बंद. बाकी रॉड तुम्ही सांगाल तसा, पण मूठ कशाची हे ते गिऱ्हाइकाच्या शब्दावर सोडत नसत. साबणाच्या पाण्यात हात बुडवायला लावायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि एकेक दांडका हातात देऊन वरून स्वतःचा हात दाबून बघायचे. एक लाकडाचा, एक फोमचा, एक बुचाचा. "डोळे उघडे असले की माणूस शोभा निवडतो, शेट," म्हणायचे. "मासा धरला की हात असाच बुळबुळीत होतो. तेव्हा शोभा कामाला येत नाही."

मी डोळे मिटायच्या आधीच बूच सांगून मोकळा झालो होतो. उरणच्या जेट्टीवर बड्या लोकांच्या हातात बूच पाहिले होते. तरी काकांनी माझाही हात साबणात बुडवून, वरून दाबून बघितला आणि म्हणाले, फोम घ्या, भिजला तरी सुटत नाही. मी तासभर वाद घातला. खडीच्या धंद्यात मी वर आलो तो असाच, समोरचा थकेपर्यंत बोलून. शेवटी त्यांनी मान हलवली. "बूच तर बूच. फोम धरायला सोपा, पण मुका. मासा नुसता हुंगून गेला तरी बूच हाताला सांगतं."

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. तरुणपणी खडी मशीनच्या पट्ट्यात सापडलेली माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे पुरती मिटत नाहीत. सौद्यात समोरच्याला आपले दुखणे दाखवायचे नाही, हा माझा नियम. आधीचे दोन रॉड हातातून सुटून पाण्यात गेले, तेव्हा मी वाऱ्याला शिव्या दिल्या होत्या.

हा रॉड मात्र सुटला नाही. आपट्याला पाताळगंगेत चांगला हातभर जिताडा ओढला आणि बूच निवडल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली. मग एकदा गव्हाणच्या दोस्ताने रॉड हातात घेतला आणि लगेच परत दिला. "शेट, मूठ वाकडी हाय. माज्या हातात बसत नाय."

तसाच तणतणत काकांकडे गेलो. शिलाई मशीनच्या मोटारीवर बुचाच्या चकत्या फिरवून ते पॉलिश पेपरने घासत होते. मला हवे तेवढे ओरडू दिले. मग मोटार बंद केली.

"त्या दोन बोटांखाली फुगवटा ठेवलाय. तुम्ही हात लपवलात, मी मूठ लपवली. फिटंफाट."

त्या दिवशी चहा मीच मागवला.

गेल्या वर्षी काका मुलीकडे इस्रायलला गेले. दोन महिन्यांसाठी म्हणून गेले, ते तिकडचेच झाले. आता बूच झिजून फुगवटा गेलाय. परवा रॉड हातातून निसटला, दोस्ताने पकडला म्हणून वाचला. दुकानातल्या मुठी कुणाच्याही हाताच्या असतात, माझ्या नव्हे. फोन केला, तर काका हसत म्हणाले, स्वतः घासा, हात तुमचा आहे. चार मुठी घासून बिघडवल्या आहेत.

न सांगता दुखणे ओळखायचे, हाताला सवय लावायची आणि निघून जायचे, हा कुठला व्यवहार? काकांनी पनवेलला यावे, माझ्यासमोर बसावे आणि याचा जाब द्यावा.