नऊ नोव्हेंबरचा वाढदिवस

मावशीचा खरा वाढदिवस मे महिन्यातला. पण चष्म्याच्या दुकानाच्या वेबसाइटवर ती ऑगस्टमध्ये जन्मली होती, वाचनालयाच्या वेबसाइटवर जानेवारीत, आणि औषधं घरपोच देणाऱ्यांकडे तर ती चक्क पुरुष होती. कुठे काय ठोकून दिलंय ते विसरायला नको म्हणून तिने एक वही ठेवली होती.

भाचा, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचा मुलगा, तिला फार हसायचा. तुझी माहिती घेऊन कुणाचं काय भलं होणार आहे, असं तो विचारायचा आणि मावशी विषय बदलायची.

नऊ नोव्हेंबरला सकाळी, दात घासताना, फोनवर मेसेज आला. कानाची यंत्रं विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने तिला सत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. वर गुडघ्यांइतकीच कानांचीही काळजी घ्या, असा सल्ला. मावशीने चूळ भरली आणि वही काढली. ही तारीख तिने एकाच ठिकाणी दिली होती: भाच्याच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, गुडघ्यासाठी नाव नोंदवताना.

आधी तिला काउंटरवरच्या मुलीचा संशय आला. मग दवाखान्याची वेबसाइट बनवून देणाऱ्या माणसाचा. तो बोलताना कधी डोळ्याला डोळा भिडवत नसे. भाच्याचं नाव मात्र ती मनात येऊ देईना. अंगाखांद्यावर खेळलेलं पोर ते.

दुपारी पेशंट नसतात त्या वेळेला ती दवाखान्यात गेली. भाचा डबा खात होता. तिने फोन त्याच्यासमोर धरला. तुझा वाढदिवस तर मे महिन्यात असतो ना, असं तो म्हणाला आणि मग त्याचा घास तोंडातच राहिला.

वेबसाइट फुकटात करून मिळाली होती. त्या बदल्यात पेशंटांची नावं, पत्ते, फोन नंबर, जन्मतारखा, दुखणी त्या माणसाला द्यायची, असं ठरलं होतं. भाच्याने तसं सही करून दिलं होतं.

"सगळेच करतात, मावशी. एक मेसेज तर आला. बिघडलं काय?"

मावशीने दार लावून घेतलं.

"तू सात वर्षांचा होतास. वॉशिंग मशीन तपासायला म्हणून एक माणूस घरी आला होता, आठवतो?"

त्याला आठवत होता. त्या दिवसानंतर आईच्या बांगड्या आणि गेलेल्या वडिलांचं घड्याळ पुन्हा कधी दिसलं नाही.

"तेव्हा मी टायपिंगच्या कंपनीत होते. मशीनबरोबर येणारी गॅरंटी कार्डं आम्ही कॉम्प्युटरवर चढवायचो. घरात कोण कोण असतं, असाही एक रकाना असायचा. तुझ्या आईचं कार्ड माझ्याच हातून गेलं. नवरा वारला, मुलगा शाळेत, दिवसा एकटी. मी ते टाइप केलं आणि पुढचं कार्ड घेतलं. त्या याद्या बाहेर विकल्या जातात हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही."

त्याने तिच्यासमोरच वेबसाइटवाल्याला फोन लावून व्यवहार मोडला. पण गेलेली यादी परत येणार नव्हती. मग मावशीने हट्टच धरला, की प्रत्येक पेशंटला कळवायचं. चार दिवस दोघं दवाखान्यात बसून फोन करत होती.

तेव्हा कळलं, की खोटं सांगणारी मावशी एकटीच नव्हती. एक नंबर बेकरीत लागला. एका शिंप्याने वय दहा वर्षांनी कमी लिहिलं होतं. का, ते त्याने सांगितलं नाही. एका सासूने सुनेचा नंबर दिला होता. काही जण भडकले, काहींनी पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं. एका शिक्षिकेने मात्र शांतपणे विचारलं, "कुठला पत्ता गेलाय?" मावशीने वाचून दाखवला. पलीकडून सुस्कारा ऐकू आला.

"तो खोटाय. माझा नवरा मला शोधतोय, म्हणून मी कुठेच खरा देत नाही."

मावशीने फोन भाच्याच्या हातात दिला. पुढचे फोन भाच्याने केले.

चौथ्या दिवशी ती तिथून तडक बहिणीकडे गेली आणि कार्डाचं सगळं सांगून टाकलं. ताई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. शेवटी इतकंच म्हणाली, की तिला आजवर वरच्या मजल्यावरच्या बाईचा संशय होता. आपल्या घरातलं तिनेच कुणाला तरी सांगितलं, असं धरून ताईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती बाई दोन वर्षांपूर्वी वारली.

ताईने मावशीला जेवायला थांब म्हटलं नाही. महिनाभराने तिचा फोन आला. गुडघा कसा आहे, तिने विचारलं. मावशी म्हणाली, बरा आहे. फोन मात्र दोघींपैकी कुणीच आधी ठेवेना.