भाऊजींची चौकशी

आमच्या घरात काहीही बिघडलं की माझे दीर एकच प्रश्न विचारायचे, "काल आणि आज यात काय बदललं?" भाऊजी मोबाईल कंपनीत इंजिनिअर. नेटवर्क बंद पडलं की तिथे म्हणे आधी हेच विचारतात. तिथे खुशाल विचारा. पण आमटी पातळ झाली तरी? "वहिनी, डाळ बदलली, कुकर बदलला, की पाणी जास्त झालं?" मी हळूच पुटपुटले, "माझं डोकं फिरलंय." तर ते अगदी गंभीरपणे, "कधीपासून?"

लग्न केलं नाही, त्यामुळे लखनौला इंदिरा नगरात आमच्याकडेच राहायचे. चिनहटचा मोबाईल टॉवर चढून आले की ग्रीसचे हात माझ्या धुतलेल्या पडद्याला पुसायचे. पुढे मोठे साहेब झाले, सगळ्या शहराचं नेटवर्क त्यांच्या हाताखाली आलं. हात स्वच्छ झाले, पण फोन कानाचा सुटेना. ताटावर बसून इंग्रजीत ओरडायचे, तोवर पोळी गार. गरम वाढावी, तर तीही गार. मग कंपनीने गोमती नदीपलीकडे फ्लॅट दिला आणि ते तिकडे राहायला गेले. मला वाटलं, सुटले एकदाची.

तेव्हापासून ह्यांचं जेवणच कमी झालं. मिलिटरीतून रिटायर झालेला धडधाकट माणूस, पण अर्धी पोळी खाऊन उठायचा. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. इकडे सदरा खांद्यावरून घसरायला लागला. भाऊजी धावत आले आणि चौकशी सुरू. "दादाच्या गोळ्या बदलल्या? तेल बदललं? पिठाची चक्की बदलली?"

मी चौथी शिकलेली बाई, साहेबापुढे काय बोलणार! पण त्या दिवशी राहवलं नाही. "तुम्ही घर बदललंत, भाऊजी. दुसरं काय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी जेवायला हजर. मग रोजच यायला लागले. परत तोच फोन, तोच आरडाओरडा. शेजारी बसून हे मात्र पोटभर जेवू लागले.

एक दिवस भाऊजींचा ड्रायव्हर दारात म्हणाला, "भाभीजी, साहब दिल्ली वाली पोस्ट के लिए मना कर आए. इतनी बड़ी कुर्सी!"

मी तशीच आत गेले. "भाऊजी, जन्मभर राबलात ते कशासाठी?"

त्यांनी फोनवर हात धरला, ह्यांच्या ताटाकडे पाहिलं. "चालू मशीनला हात लावायचा नसतो, वहिनी." आणि परत फोन कानाला.

असल्या माणसाशी काय बोलायचं? तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, अजून एक पोळी."

मी ती रागारागानेच वाढली.