आसनस्थ व्हावे

मुलांनो, वडवणीच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारे एक गृहस्थ आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. आधी ते शर्टाचं वरचं बटण लावतात आणि म्हणतात, "बीडकडे जाणारी बस फलाट दोनवर उभी आहे. प्रवाशांनी कृपया आसनस्थ व्हावे." एकही माणूस हलत नाही. मग बटण सोडून ते ओरडतात, "ए बीडवाले, काहून बसलाव? गाडी निघाली की!" लगेच सगळे धावतात.

परवा मला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अकराला पोहोचायचं होतं. वेळ होता म्हणून मी त्यांच्या शुद्ध मराठीचं कौतुक केलं. म्हटलं, आज तेवढंच बोला.

ते कळवळले. "आजी, शुद्ध बोललं की लोकायला वाटतं टेप चालू हाय. माणूस बोलतोय हे समजायला वरडावं लागतंय."

तरी माझ्या शब्दाखातर ते ओरडले नाहीत. मीसुद्धा सवयीने त्यांच्या ओरडण्याची वाट बघत बसले. बस रिकामीच निघाली, तेव्हा मी पिशवी सावरत धावले. "थांब की बे!" असं कुणीतरी ड्रायव्हरवर खेकसलं. बस जागच्या जागी थांबली. सगळा स्टँड माझ्याच तोंडाकडे बघत होता.