नव्या माणसाचा कप

आमच्या कारखान्यात प्रत्येकाचा चहाचा कप ठरलेला आहे. भिंतीवरच्या खिळ्यांना ते ओळीनं टांगलेले असतात. काल नव्यानं कामाला लागलेली सुजाता त्या ओळीसमोर क्षणभर थांबली. चहावाल्या मावशींना म्हणाली, "मी चहा घेत नाही."

घासाघीस करूनच मी हा धंदा उभा केला. समोरच्याचं 'नको' खरं की खोटं, मला लगेच कळतं. मी मावशींवर खेकसलो, "पाहुण्यांना कप देता, हिला का नाही?"

"साहेब, ती पाहुणी थोडीच आहे?"

नवी माणसं महिनाभरात सोडून जातात, म्हणून मी त्यांना बेइमान म्हणत आलो. तो राग अजून गेलेला नाही. पण खुर्ची, गणवेश, हजेरीचं कार्ड सगळं दिलं, तरी कप द्यायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी कप आणला आणि खिळा स्वतः ठोकला.

आज सुजातानं पहिला घोट घेतला.

"काल तर चहा घेत नव्हतीस!" मावशी म्हणाल्या.

"घेते हो. उद्यापासून साखर मात्र कमी घाला."