सोन्याचं टोक, शिशाची चकती

आमची मावशी दहावी नापास. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी कुजबुजायला नको. प्रयोगशाळेत तिचं काम एकच, शिशाची चकती खरवडून तिला सोन्याच्या तारेचं टोक टेकवणं. पंचवीस वर्षं.

द्रव हेलियमच्या थंडीत शिसं अतिवाहक होतं, म्हणजे वीज त्यातून बिनअडथळा धावते. सोनं साधंच राहतं. गंमत दोघांच्या वेशीवर. मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "शिशाच्या आत एकट्या इलेक्ट्रॉनला थारा नाही, जोडी लागते. मग सोन्यातून आलेला दुसऱ्याला हाताला धरून नेतो. वीज दुप्पट! पण मधे मळ असला की सगळं फिसकटतं."

नवे साहेब आले. म्हणाले, हाताने खरवडणं बंद, पॉलिशचं यंत्र लावू. मावशीची बदली भांडारात. तो आदेश टाइप कोणी केला? मीच, शेजारच्या ऑफिसात बसून. त्या दिवशी मावशी जेवली नाही, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

आदेशावर सही व्हायची होती. यंत्राने चकत्या आरशासारख्या चमकवल्या. साहेबांनी त्या डबीत जपून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी लावल्या. वीज दुप्पट व्हायची सोडून घटली. तीनदा.

"मावशी, तुम्ही बघता का जरा?" साहेब नाक मुठीत धरून आले.

मी टायपिंग टाकून दारात उभी राहिले. मावशीने तोंडाला रुमाल बांधला. श्वासाची वाफही तिला चालत नाही. ब्लेडने चकती खरवडली, तार कात्रीने तिरकी कापली, टोक टेकवलं, झाकण लावलं. थंड झाल्यावर पडद्यावरची विजेची रेघ दुप्पट उंच गेली.

"तारांच्या जोडणीत गडबड असेल, म्हणून रेघ चढली," साहेब म्हणाले.

"मग गरम करून बघा की!"

शिसं तापलं, अतिवाहकपणा गेला, रेघ निमूट खाली आली. पुन्हा थंड केलं, पुन्हा दुप्पट. आता बोला!

"पॉलिशमध्ये काय वाईट होतं?" साहेबांनी विचारलं.

"पॉलिश झकास होतं हो. पण चकती रात्रभर डबीत हवा खात बसली. वर मळाचा थर चढला."

साहेबांनी आदेश फाडला आणि मला नवा सांगितला. यापुढे सगळ्यांनी हे काम मावशीकडून शिकायचं. हुद्दा, प्रशिक्षक.

दहावी नापास बाईच्या नावापुढे मी ते टाइप केलं. एक अक्षर चुकलं नाही.